उंदीरमामांचा उपाय

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला गल्लीतली पोरं उंदीरमामा म्हणायची. मीही म्हणायचे, पण पाठीमागे, तोंडावर भावोजी. मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत प्रयोगाचे उंदीर सांभाळायची त्यांची नोकरी. पिंजऱ्यांतला लाकडाचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, एकेकाला उचलून वजन करायचं, ठरल्या वेळी दिवे लावायचे आणि ठरल्या वेळी घालवायचे. त्या खोलीत टोपी-मास्क लावून शिरायचं आणि आवाज अजिबात करायचा नाही, कारण उंदीर बिचकले की प्रयोग बिघडतो. उभी हयात तिथे काढल्यामुळे भावोजी घरातही पाय न वाजवता चालायचे. ते मागे कधी येऊन उभे राहिले हे कळायचंच नाही, आणि मी हजारदा दचकले असेन.

आणि आमची ताई! तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. ती घरी शिवणकाम करायची. बाया माप द्यायला यायच्या. माप चुटकीसरशी व्हायचं, गप्पा मात्र चहा दोनदा होईपर्यंत चालायच्या. कुणाची सून कशी, कुणाचा जावई किती चेंगट, सगळं त्या मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून. "दोघांच्या वाटचं ही एकटीच बोलते," असं मी भावोजींना चिडवायचे. ते म्हणायचे, "बरंय की, माझे कष्ट वाचतात." आणि तिच्याकडे बघून हसायचे. फार जीव होता त्यांचा तिच्यावर.

मग ताई बाहीच्या जागी कॉलर जोडायला लागली. गिऱ्हाइकांनी आधी हसण्यावारी नेलं. पुढे पुढे ती बोलता बोलता अडायला लागली. कात्री हा शब्द सापडेना, म्हणून ती म्हणाली, "ते दे गं, ते चावणारं." आम्ही हसलो, तीही हसली. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं, तेव्हा भावोजींना काही समजावून सांगावं लागलं नाही. ज्या आजारापायी ते इतकी वर्षं उंदीर पाळत होते, तोच त्यांच्या घरात येऊन बसला होता.

त्याच सुमारास संस्थेत संशोधन करणाऱ्या मॅडमनी त्यांना कौतुकाने पडद्यावर मेंदूच्या पेशी दाखवल्या. काचेच्या थाळीत वाढवलेल्या, क्षणाक्षणाला लुकलुकणाऱ्या. या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, मॅडम म्हणाल्या, आणि निरोप धाडताना त्यांच्यातून एक प्रथिन बाहेर पडतं. ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं, पण साचून त्याच्या गुठळ्या व्हायला लागल्या की या आजाराची सुरुवात होते. पेशींची बडबड जास्त, तर हे प्रथिनही जास्त. त्यांना औषध देऊन गप्प केलं तर ते कमी बाहेर पडतं.

भावोजींनी तेवढंच उचललं. जन्मभर बडबडलेली बायको, आणि पडद्यावर ते लुकलुकणं! त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का बसला. कुणाला विचारलं नाही, काही नाही.

रेडिओ माळ्यावर गेला. मशीनवर चादर पडली. बायांना दारातूनच वाटेला लावलं. खिडक्यांना जाड पडदे आले, उजेड ठरल्या वेळी, अंधार ठरल्या वेळी. तिला प्रश्न विचारायचा नाही, काही आठवायला लावायचं नाही. मी फोन केला की, "झोपलीय," एवढंच उत्तर.

शेवटी मी जाऊन थडकलेच. ताई अंधारात खुर्चीवर बसली होती. वेणी घट्ट, कपडे स्वच्छ, नखं कापलेली. काळजीत तसूभर कसूर नव्हती.

"भावोजी, ही काय तुमच्या पिंजऱ्यातली आहे?" मी ओरडले.

"हळू बोल," ते म्हणाले. "गप्प राहिली तर डोक्यात ते कमी साचेल. जेवढी उरलीय तेवढी तरी राहील मला. तुझ्या गप्पांपायी तिला घालवू का?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मी तावातावाने चपला घातल्या आणि निघाले. रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या आणि रस्ताभर वाटत राहिलं, की खरंच उपयोग झाला तर?

उपयोग झाला नाही. ताई महिन्यागणिक आटत गेली. आधी वाक्यं गेली, मग शब्द. भावोजी म्हणायचे, "शांत झालीय. त्रास कमी आहे."

एके दिवशी दुपारी मॅडम ताईला बघायला आल्या. मी तिथेच होते. पडदे बघून त्यांनी विचारलं, "अंधार का हो?" भावोजींनी सगळं सांगितलं, अगदी उत्साहाने. उंदीर चांगले पोसले की ते असेच सांगत असणार. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

"काका, ते थाळीतलं होतं हो," त्या म्हणाल्या. "माणसाला गप्प करून हा आजार थांबत नाही. पेशी एकमेकींशी बोलतात म्हणून तर आपल्याला आठवतं, बोलता येतं. काकूंशी बोलत राहायला हवं होतं. चूक माझी, मी अर्धवट सांगितलं."

"मग तिचं बोलणं मी घालवलं?"

"आजाराने ते नेलंच असतं. तुमच्यामुळे किती लवकर गेलं, ते कुणीच सांगू शकणार नाही."

असल्या उत्तरावर माणसाने जगायचं कसं? मला भावोजींचा राग धरवेना आणि सोडवेनाही.

दुसऱ्याच दिवशी पडदे निघाले, रेडिओ खाली आला. बायांना घरोघरी जाऊन बोलावणं झालं. आणि जो माणूस लग्नात नाव घेतानाही अडखळला होता, तो दिवसभर बोलायला लागला. विषय तरी कुठले असणार? कुठल्या उंदराने बाटली पाडली, कुठली उंदरीण पिलांना जवळ घेईना. ताई भिंतीकडे बघत असायची.

एकदा मी गेले तेव्हा ते तिच्यासमोर स्टूल ओढून बसले होते आणि सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. "बोल ना गं काहीतरी," ते म्हणाले. "शिव्या दे. मला नावं ठेव. काहीही बोल."

ताईने मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हात उचलून तिने त्यांच्या ओठांवर अलगद बोट ठेवलं, आणि नंतर आपल्या ओठांवर. इतके महिने ती बोलू लागली की भावोजी तिला असंच गप्प करत आले होते. माझं नाव, त्यांचं नाव, स्वतःचं नाव विसरलेल्या माझ्या बहिणीच्या एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं होतं. आणि बरोबर केलं ना मी, असं विचारल्यासारखी ती त्यांच्याकडे बघून हसत राहिली.