ताईंनी कॉम्प्रेसर वाचवला

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत माझ्या थोरल्या नणंदेइतकं मनापासून रागावणारं दुसरं माणूस नसेल. ताई अकोल्याच्या आयटीआयमध्ये मुलांना इलेक्ट्रिशियनचं काम शिकवून निवृत्त झाल्या, पण त्यांच्या लेखी अख्खं वऱ्हाड अजून त्यांच्या वर्गातच बसलेलं आहे आणि नापास होतं आहे. त्या नीट न फाटणाऱ्या दुधाच्या पिशवीवर रागावतात, 'तापमानात किंचित वाढ' म्हणणाऱ्या बातम्यांवर रागावतात. एका लग्नात मांडवातल्या कूलरची उघडी वायर दिसली, तर भरल्या ताटावरून उठून त्यांनी मांडववाल्याला असं फैलावर घेतलं की चिकटपट्टी येईपर्यंत नवरा-नवरी हातात हार घेऊन उभे. पर्समध्ये कुंकवाची डबी नसली तरी चालेल, टेस्टर हवाच.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात सासूबाईंना अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी झाली आणि ताई त्यांना अकोल्याला न्यायला आल्या. गाडी माझी, चालवणारी मी. बडनेरा मागे पडलं आणि एसीतून गरम वारा यायला लागला. काचा उघडल्या तर बाहेरची लू त्याहून वाईट. मूर्तिजापूरच्या अलीकडे सासूबाईंनी ग्लानी येऊन मान टाकली. घाबरून मी रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी घातली, त्यांना कडुलिंबाखालच्या बाजेवर निजवलं, ओठांना पाणी लावलं. गॅरेजवाल्याने बॉनेटला हातही न लावता सांगितलं, "कॉम्प्रेसर गेला. चार दिवस गाडी ठेवा लागन."

"चार दिवस?" ताई उसळल्या. "माही माय इथं बाजीवर पडून हाय, अन् तू न पाहताच सांगून राहिला? बॉनेट खोल!"

मला इंजिन सुरू करायला लावून त्यांनी एसीच्या पाइपावर हात ठेवला, मग त्याचा हात धरून तिथेच ठेवला. "थंड हाय का नाही? पानी सुटलं हाय का नाही? मंग कॉम्प्रेसर मेला कसा? खराबी आत हाय, आत!"

मग मोर्चा माझ्याकडे. "पंखा चार नंबरवरच काहून चालते?"

"एक-दोन-तीन चालतच नाहीत, ताई."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून!" हे त्या इतक्या जोरात म्हणाल्या की गॅरेजवाला दोन पावलं मागे सरला. "अन् तू मुकाट्यानं बसून राहिली! तुले कोनं गाडी देल्ली व?"

मलाही भयंकर राग आला होता, गॅरेजवाल्याचा, स्वतःचा आणि त्याहून जास्त ताईंचा. पण पासष्टीच्या ताई तोवर पदर खोचून डॅशबोर्डखाली उलट्या शिरल्या होत्या आणि आतून शिव्यांसकट निदान ऐकू येत होतं. हीटरचा गरम वारा अडवणारी झडप आत उघडीच राहिली होती. तिची तार खुंटीवरून निसटली होती. ताईंनी झडप हाताने लोटली, केसांतली पिन काढून तार अडकवली. भस्सकन गार वारा आला.

"पंखा राहू दे चारवरच. त्याचं अकोल्यात पाहू," असं म्हणत त्या बाहेर आल्या. हात काळे, कोपर सोललेलं. गॅरेजवाल्याने न सांगता पाण्याची बादली पुढे केली. त्यालाही त्या बोलल्याच: पाणी गरम होतं.

मागच्या सीटवर ताईंनी आईचं डोकं मांडीवर घेतलं. वारा थेट तोंडावर येऊ नये म्हणून हात आडवा धरला. बोरगावपर्यंत सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले.

"काहून व, इतकी गप? माह्यावर रागावली काय?"

"नाही व, माय. झोप तू."

सासूबाई त्यानंतर जेमतेम पावसाळाभर होत्या. तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं! आरशात मला ताई दिसत होत्या. आईचा डोळा केव्हाच लागला होता, तरी तिच्या कपाळावरचे केस त्या ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी सावकाश मागे सारत होत्या.