न भिणारी पिल्लं

खाडीतला जिताडा मासा फार कमी झाला, म्हणून काल तिच्यात हौदात वाढवलेली त्याची वीतभर पिल्लं सोडली. आज सकाळी मी जेट्टीवर गेले, तर शेजारचे सदूभाऊ हौसेनं गळ टाकून बसले होते. गळाला त्यातलंच एक पिल्लू लागलं. लहान मासा परत सोडायचा असा नियम आहे, म्हणून भाऊंनी हात ओला करून ते हळूच पाण्यात सोडलं. जरा वेळानं गळ पुन्हा ओढला गेला. या माशाचा ओठ फाटलेला होता.

"मघाचंच हे," भाऊ पुटपुटले. "ताई, याला भीतीच नाही हो!"

पिल्लं आणणारा माणूस काल म्हणाला होता, हौदावर थाप मारली की ती खायला धावतात. ते मला आता आठवलं. नियम माणसांना शिकवता येतो. यांना भ्यायला कोण शिकवणार? समोर चिखलात बगळे टपून बसले होते. आपणही लेकरांना 'भिऊ नकोस' म्हणतच वाढवतो.

भाऊंनी गळ गुंडाळला. पिल्लं जेट्टीखालीच घोटाळत होती. ती लांब पळावीत म्हणून मी फळीवर जोरात पाय आपटला.

सगळी वर आली, तोंडं उघडून.