बिनपाण्याचा पेला

लेबनॉनमधल्या झाहले गावात पोरांना पाढे यायच्या आधी एक गोष्ट येते: पेल्यात आधी अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, मग पाणी, बर्फ सगळ्यांत शेवटी. बर्फाची घाई केली तर वर साय धरते, आणि टेबलावरचे म्हातारे घाई करणाऱ्याच्या सात पिढ्या काढतात. दुसरी फेरी आली की पेलाही नवा.

विदाद लहान असताना घरच्या अशाच टेबलावर तिने बापाला विचारलं होतं, "बाबा, अरक पाण्यासारखा दिसतो, पाणी तर पाणीच. मग हे दूध आलं कुठून?"

थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला सगळे अबू मित्री, म्हणजे मित्रीचा बाप, म्हणत. त्याने त्या वर्षीची पहिली धार नुकतीच काढली होती, तो खुशीत होता. "बडीशेपेचं तेल आत लपून बसलेलं असतं पोरी. पाणी आलं की त्याला लपता येत नाही."

"पण आधी कुठला थेंब बाहेर येतो?"

"झालं!" थोरला भाऊ मित्री ओरडला. "आता हिला थेंबाचं नावगाव सांगा. बाबा, हिला प्रोफेसर तरी करा, नाहीतर मठात तरी धाडा. घरात ठेवू नका."

प्रोफेसर करायचं ठरलं. बैरुतला शिकायला सोडायला मित्रीच गेला. तिची पेटी खांद्यावर घेऊन तीन जिने चढला, आणि तीन जिनेभर पुस्तकांना शिव्या देत होता.

यादवी युद्धाला तोंड फुटून काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. अरकासाठी बडीशेप आणायला मित्री गाडी घेऊन डोंगरापलीकडे गेला. एका नाक्यावर त्याला गाडीतून उतरवताना कुणीतरी पाहिलं. नाका कुणाचा, हे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. गाडी सापडली नाही, मित्रीही नाही.

त्या शरदात, पहिली धार निघाली तेव्हा, आईने मित्रीचं पान मांडलं, पेल्यात अरक ओतला. बापाने सवयीने पाण्याचा जग उचलला, तसा तिने त्याचा हात धरला. "राहू दे. पाणी किती घालायचं ते त्याचं तो बघेल."

पेला तसाच राहिला, नितळ. पुढच्या शरदातही. पुढे बाप गेला, पेला राहिला. गल्ली आईला 'उम्म मित्री', मित्रीची आई, असंच म्हणत होती, आणि प्रत्येक हाकेला ती ओ देत होती. विदादला त्या हाका ऐकवत नसत.

फ्रान्समध्ये ग्रनोबलला डॉक्टरेट झाली तेव्हा तिला तिथेच नोकरी देऊ केली होती. ती परत आली. बैरुतच्या सरकारी विद्यापीठात वीज पाहुण्यासारखी यायची. पण विदादला वीज कशाला हवी? ती कागदावरची शास्त्रज्ञ, खडू आणि फळा एवढ्यावर तिचं भागे. विषय तोच, लहानपणचा. अरकात पाणी बेताचं पडलं तर तो लगेच पांढरा होत नाही, अडून बसतो. आत तेलाचे बारीक थेंब जमतात आणि विरतात, जमतात आणि विरतात. एखादाच ठरावीक मापाहून मोठा होतो, तगतो, आणि मग सगळा पेला पालटतो. तो एक थेंब कधी येणार, याचं गणित मांडण्यात तिची हयात गेली.

"लोकांच्या लेकी पोरांना जन्म देतात," आई म्हणायची, "माझी लेक थेंबांची सुईण."

त्या गणितातून जे निघालं त्याने मूठभर जाणत्यांत तिचं नाव झालं. थांबण्याला आठवण नसते, असं ते होतं. अशा मिश्रणाने कितीही काळ वाट पाहिली असली, तरी तो थेंब त्यामुळे तसूभरही जवळ येत नाही.

आणि आई दर शरदात पेला भरताना विचारायची, "एवढी वर्षं लोटली. आता त्याचं येणं जवळ आलं असेल, नाही का गं?"

"हो आई," विदाद म्हणायची. फळ्यावर जे ठणकावून सांगायची, ते चुलीपुढे तिच्या तोंडून निघत नसे.

एका शरदात तिचे ग्रनोबलचे म्हातारे गुरुजी, मार्सेल, घरी जेवायला आले. चार घास पोटात गेल्यावर त्यांना शिष्येचं कौतुक अनावर झालं. आईला फ्रेंच येत नव्हतं. तरी तिच्याकडे वळून, हातवारे करत ते बोलतच सुटले.

"काय म्हणतोय गं हा?" आईने विचारलं.

"माझी स्तुती करतायत."

"एवढा वेळ? स्तुती एवढी लांब नसते. नीट सांग."

विदादने मित्रीच्या पेल्याकडे पाहिलं. खोटं बोलून बोलून ती थकली होती. "ते म्हणतात, मी सिद्ध केलंय... कितीही वाट पाहिली, तरी क्षण जवळ येत नाही."

आईचा हात भाकरीवरच थांबला. मार्सेलना काहीतरी चुकल्याचं कळलं, काय ते कळेना. आईने विचारलं, "आणि लांब जातो का?"

गणितात ते होतंच, विदादनेच लिहिलं होतं; पण इतक्या वर्षांत या अंगाने तिने ते कधी वाचलं नव्हतं.

"नाही आई. लांबही जात नाही. आज तो पहिल्या दिवशी होता तितकाच जवळ आहे."

"मग दर वर्षी 'हो हो' काय करत होतीस? हे सांगायचंस की!" आईने तोंड न फिरवता, सगळ्यांसमोर डोळे पुसले. "या बाबाला अजून वाढ. हाडं दिसतायत त्याची."

माणूस म्हणजे थेंब नव्हे, हे विदादला कळत होतं. मित्री आता येणार नाही, हेही बहुधा कळत होतं. पण त्या दिवसापासून उम्म मित्रीच्या हाका तिला टोचेनाशा झाल्या.

आई पुढच्या वसंतात गेली. शरद आला. शेजारच्यांनी पहिल्या धारेची बाटली आणून दिली, आणि विदादने टेबल मांडलं. तीन नवे पेले घेतले, तिन्हींत अरक ओतला. मित्रीची इतकी आठवण आली, की त्याच्या शिव्यासुद्धा ऐकाव्याशा वाटल्या. तिने जग उचलला. आधी आईच्या पेल्यात पाणी घातलं, आईला आवडायचं तसं भरपूर, आणि तो पांढरा होईस्तोवर बघत राहिली. मग स्वतःच्या पेल्यात घातलं.

मित्रीच्या पेल्याशी तिचा हात थांबला. तिने जग खाली ठेवला, त्याचा हात पुरेल इतका जवळ.