माघीचा पहिला घास

उखळात नवं भात निम्मं सडून झालं आणि माघीने मुसळ भिंतीला टेकवलं. तोंडात थुंकी साठली होती. ती गिळायला तिने मान लांब केली, छातीच्या मधोमध हात दाबला. पण थुंकी थोडी खाली जाऊन पुन्हा वर आली. ती उठली आणि चुलीमागच्या राखेत गुपचूप थुंकून आली.

"आये, दमलीस काय?" ओटा सारवता सारवता सुनेने, लाडकीने विचारलं.

"दमतंय कोन! तू तुजं सारवन बघ, कोंबडी बरं सारवंल त्यापरीस."

लाडकी खुदकन हसली. तेवढ्या हसण्यासाठी माघी तीन महिने खोटं बोलत आली होती.

गेल्या पौषात घडलं ते असं. लाडकी तेव्हा नवी नवरी. तिची आई जव्हारच्या पेठेत लोकांची धुणी धुवायची. राख आणि कळीचा चुना पाण्यात कालवून वरची निवळ काढली की मळकट गोधडीसुद्धा उजळते, हे लाडकी माहेराहून शिकून आलेली. निवळ ठेवायला घरात भांडं सापडेना. पातेलं एकच, ते रांधायचं, मडकं पाझरणारं. म्हणून तिने ती सुक्या दुधीच्या तुंबडीत भरली आणि तुंबडी दाराजवळच्या मेढीला, लाकडी खांबाला, अडकवली. दाभोशाच्या त्या पाड्यावर मेढीच्या तुंबडीत पिण्याचं पाणी सोडून दुसरं काही असेल, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. माघी रानातून आली, मोळी टाकली आणि तुंबडी तोंडाला लावली. एक घोट आत गेला. दुसरा तिने कुडावर उडवला.

तोंडाची सालं गेली, पुन्हा आली. सगळ्यांना वाटलं, निभावलं. पण महिन्याभराने भाकरी छातीत अडायला लागली, मग भात, मग पेजही. माघीचा मुलगा पोश्या याने तिला डोलीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिच्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

तिथले डॉक्टर घाटावरचे, मोजकं बोलणारे. आतली अन्नाची नळी भाजली आणि बरी होताना आवळली, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे काळ्या, वाकणाऱ्या सळया होत्या, दाभणाएवढीपासून बोटाएवढीपर्यंत. सळईला तेल लावायचं, माघीची मान मागे करायची आणि घशातून हळूहळू आत सरकवायची. पहिल्या दिवशी माघीने त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"दात शाबूत आहेत म्हणायचे," डॉक्टर म्हणाले. "आता नाकाने श्वास घे."

पाच महिने, दर आठ दिवसांनी, ती पहाटे देवाचं नाव घेऊन निघायची, सळई घालून घ्यायची, रक्ताची गुळणी टाकायची आणि चालत परत यायची. जेठात एकदा नागलीची भाकरी कुस्करून खाल्ली ती सरळ खाली गेली. लाडकी चुलीपाशी बसून पोटभर रडली आणि त्या दिवसापासून हसू लागली.

"झालं असं समजू नकोस," डॉक्टरांनी बजावलं होतं. "रानातली पायवाट चालणं थांबलं की एका पावसाळ्यात मिटते ना? ही तशीच. पुरती मिटली तर पोटाला भोक पाडून तिथून पेज ओतावी लागेल. ते मुंबईला."

"मंबईला? तिथं मी मेले तं मना वळखंल कोन?"

मग पाऊस लागला, नदी चढली, भातलावणीची आवणी आली. घास जात होता. कणसरी मायने, धान्याच्या देवीने, वाट मोकळी केली, असं माघीने मनाशी धरलं आणि ती दवाखान्यात गेलीच नाही. सावनात भाकरी अडली, भादव्यात भात. आपली भाकरी ती कोंबड्यांना टाकायची, म्हणायची, "मी शेतावर खाल्लं."

आज मात्र तसं म्हणता येणार नव्हतं. नवं भात कणसरीला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की देवीनंतर पहिला घास थोरलीने सगळ्यांच्या देखत गिळायचा. मगच बाकीच्यांचे हात पानाला. जुनं धान्य संपून चार दिवस झाले होते. घर कंदांवर होतं.

दुपारी नैवेद्य झाला. माघीने चिमूटभर भात तोंडात घातला आणि चावत राहिली, चावून चावून त्याचं पाणी केलं. मनात म्हणाली, माये, एवढा एक. गिळला. तो छातीत जाऊन बसला. वरून पाणी घेतलं, तसा भात फेसासकट सारवलेल्या जमिनीवर आला.

"देवी कोपली," पोश्या पुटपुटला.

लाडकीने जमिनीकडे पाहिलं, मग सासूकडे. "कवापासून, आये?"

"सावनापासनं."

"आन मना सांगलं नाय?"

"तू हसत होतीस."

लाडकी रडली नाही. तिने भात पाण्यात कुसकरला, लुगड्याच्या पदरातून गाळला आणि वाटी घेऊन सासूसमोर बसली.

"रीत घासाची हाय, पेजेची नाय," पोश्या म्हणाला.

"तू रीत धर, मी वाटी धरते. भात नवाच हाय ना? तिच्या गळ्याखाली गेला म्हंजे झालं."

पहिला चमचा परत आला. दुसराही. तिसरा बराच वेळ आत अडून राहिला. माघीच्या कपाळावर घाम फुटला, आणि मग आत कुठेतरी गुडगुड झाली. तिने हात वर केला. पोश्याने मान खाली घालून पान पुढे ओढलं. लाडकी मात्र वाटी धरून तशीच बसली.

संध्याकाळपर्यंत माघीच्या पोटात तीन चमचे गेले. सगळ्यात बारीक सळई तरी आता शिरेल का, याचा तिला भरवसा नव्हता. उखळात निम्मं भात तसंच पडून होतं. ती मुसळाकडे वळली, तसं लाडकीने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे. पहाटं निघायचंय, मी येते संगती."

"तू कशाला?"

"डागतरला चावू नको म्हनून."

माघीने उद्यासाठी धुतलेलं लुगडं वाळत घातलं. सकाळी जव्हारच्या दवाखान्यात जायचं होतं, सळई घालून घ्यायला.