पैंजणाचं एक घुंगरू

एक्स-रेत काहीच नव्हतं.

सकाळी मात्र होतं. पाच वर्षांच्या तन्वीच्या अन्ननलिकेत पैंजणाचं घुंगरू अडकलेलं स्पष्ट दिसलं होतं. तिला लाळही गिळता येत नव्हती. फ्रॉकचा गळा ओला झाला होता.

मुलांनो, तेव्हा मी बारामतीत लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात एंडोस्कोपीची सिस्टर होते. एंडोस्कोपी म्हणजे भूल देऊन तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालायची आणि अडकलेली वस्तू काढायची. वस्तू कधी कधी आपोआप खाली सरकते, म्हणून आधी पुन्हा एक्स-रे घेतात.

"पोटात उतरलं असेल," डॉक्टर म्हणाले. पोटाचाही एक्स-रे घेतला. तिथेही नाही. शी झाली नव्हती, उलटी नव्हती. मग घुंगरू गेलं कुठे? डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी फिल्मकडे.

तन्वीचे वडील काटेवाडीहून आले होते. सोबत तसाच फ्रॉक घातलेली तिची जुळी बहीण जुई, कारण एकीशिवाय दुसरी राहत नाही. आई भवानीनगरला माहेरी होती, ती तिकडून निघाली होती. एक्स-रे रिकामा म्हटल्यावर वडील मोकळे झाले. "न्हाय तर न्हाय. घेऊन जातो, सिस्टर. म्हशी खोळंबल्यात."

डॉक्टरही विचारात पडले. पण घुंगरू आतच राहिलं तर अन्ननलिकेला भोक पडू शकतं. मी टेबलावरच्या मुलीला विचारलं, गिळताना दुखतंय का?

"न्हाय. भूक लागलीया."

आवाज खणखणीत. हाताला तन्वीच्या नावाची पट्टी. सकाळची लाळ कुठे गेली?

मी बाहेर आले. बाकावर वडील जुईला बिस्कीट देत होते आणि ती मान फिरवत होती. तिच्या फ्रॉकचा गळा ओला होता.

"भाऊ, ही कोण?"

"जुई."

"कशावरून?"

"हिच्या हाताला पट्टी न्हाय की." मग जरा ओशाळून म्हणाले, "एरवी पैंजणावरनं कळतं. तन्वीचं एक घुंगरू कमी हाय. पण तिचं पैंजण तुमीच काढून दिलं, मग जुईनंबी काढलं." आणि दोन्ही जोड खिशातून काढून दाखवले.

मी टेबलावरच्या मुलीला उचलून बाहेर आणलं. तिने न घाबरता सांगितलं, "मी जुई हाय. तिला भ्या वाटतंय. ती रडती, मी न्हाय रडत. घुंगरू काढलं की परत बदलणार हुतो." हॉस्पिटलचा गाऊन घालायला दोघी बाथरूममध्ये गेल्या होत्या, तिथेच हा बेत झाला. पट्टी सैल होती, ती सहज निघाली.

खऱ्या तन्वीचा एक्स-रे घेतला. घुंगरू जागच्या जागी. भूल चढेपर्यंत जुई तिचा हात धरून उभी होती. घुंगरू निघालं तेव्हा आई पोहोचली आणि दारातूनच दोघींना न चुकता जिच्या तिच्या नावाने हाक मारली.

त्यानंतर मी पट्टी घट्ट बांधायला लागले. जुळी असली तर आईला विचारायला लागले. वडिलांना फक्त सही मागायची.