खाली बघा की जरा

पंधरा दिवसांतून एकदा, गुरुवारी, मनाच्या आजाराचे डॉक्टर पुण्याहून बारामतीला येत. दोन तालुक्यांत मिळून तेवढेच एक. सावलीलाही भिणाऱ्या धाकट्या भावाला घेऊन मी निरवांगीहून पहिल्या एसटीने निघायचो, तरी दवाखान्यातला बाक भरलेलाच असायचा. भाऊ सारखा उठायचा, मी सारखा घड्याळ बघायचो.

तिथला कंपाउंडर कुणालाच नावाने बोलवत नसे. मी पहिल्यांदा नाव सांगू लागलो, तर म्हणाला, "नाव नगं. बाकावर कुणी वळखीचं निघायचं." मग गावाच्या नावाने हाक यायची, "निरवांगी, चला. वरकुटं, तुमी मागनं." कुणी आत निघालं की बाकीच्यांना दटावायचा, "खाली बघा की जरा." हे बोलतानाही चिठ्ठीच्या कडा नखाने कुरतडत असायचा. टेबलाखाली कागदाचा चुरा पडलेला असे.

एका गुरुवारी त्याने हाक दिली, "कोऱ्हाळं!" कुणी उठेना. पुन्हा दिली, या वेळी हळू. मग पेन खिशाला लावून तो स्वतःच उठला आणि आत निघाला. त्याचं गाव कुठलं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मी बघतच राहिलो. भावाने माझा हात दाबला.

"दादा, खाली बघ."