नखं बघणाऱ्या अक्का

कमलअक्का माझ्या घरी पहिल्यांदा आल्या त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या मुलीचा हात धरला. इरा तेव्हा अकरा वर्षांची. शेजारच्या लग्नात मेंदी काढून आली होती. अक्कांनी तिची बोटं एकेक करून उजेडाकडे फिरवली, नखांच्या कडा पाहिल्या आणि विचारलं, "कुनी काढली ही? लगीन कुनाचं हुतं?" इरा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. जयपूरच्या आदर्श नगरातल्या आम्हा बँकवाल्या, विमावाल्या बायकांचा कलकलाट एकदम थांबला. मी मनात म्हटलं, ही बाई तिळगूळ घ्यायला आली आहे की चौकशीला?

अक्का मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत हवालदार होता, त्याची शेवटची बदली जयपूरला झाली. तो वारला आणि अक्का इथेच राहिल्या. आमेरच्या पुढे, डोंगरापलीकडच्या एका गावातल्या सरकारी शाळेत त्या शिकवायच्या. पंचवीस वर्षं राजस्थानात काढूनही त्यांची बोली साताऱ्याचीच होती, फक्त मधेच एखादा 'मतलब' येऊन बसायचा. निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, "शनिवारी मोकळी असतीस न्हवं? मग ये की शाळंत. मतलब, घरात मटार सोलत बसन्यापरीस पोरींना इंग्रजी शिकीव." नाही म्हणायची सोयच नव्हती. मी बोलकी आहे, माणसांची भुकेली आहे, आणि या गावात येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. गेले.

आमेरपर्यंत बस, पुढे अक्कांच्या स्कूटरवर मागे. शाळेत प्रार्थना झाली की अक्का मुलींच्या रांगेतून फिरायच्या. मुली दोन्ही हात पुढे धरून उभ्या, आणि अक्का चष्मा कपाळावर चढवून नखं बघत पुढे सरकायच्या. मला वाटलं, स्वच्छता. माझ्याही शाळेत बघायचे. पण मुलींच्या नखांत राख असो, शेण असो, अक्का हूं की चूं करायच्या नाहीत. एकदा मात्र सातवीतल्या एका मुलीपाशी थबकल्या, तिचा अंगठा हळूच दाबला आणि पुढे गेल्या. त्याच दुपारी मला मागे बसवून त्या मुलीच्या घरी. तिथे आरडाओरडा नाही की काही नाही. म्हाताऱ्या आजोबांशेजारी बसून बाजरीची रोटी खाल्ली, म्हशीची चौकशी केली, आणि हात धुताना म्हणाल्या, "बाबा, पोती को मैं होस्टल में डाल रही हूँ. कल सुबह लेने आऊँगी." आजोबांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मुलगी मुलींच्या वसतिगृहात पोचली होती.

परतताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या भागात आखा तीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, थोरल्या बहिणीचं लग्न काढतात आणि त्याच मांडवात धाकटीलाही उजवून टाकतात. जेवणावळ एक, पाहुणे एक. पत्रिकेवर नाव फक्त थोरलीचं, कारण धाकटीचं वय कायद्यात बसत नाही. "पन हळद तर दोघींना लावावी लागती ना? आदल्या आठवड्यापास्नं रोज हळद-पीठ चोळत्यात. अंगावरची निघती, नखाच्या कडंला ऱ्हाती. मानूस खोटं बोलतं गं, नख बोलत न्हाई." मग स्कूटर सावकाश करून म्हणाल्या, "आमच्या थोरल्या भनीची हळद मीच वाटली हुती. ती बारा वर्सांची, मी नऊ वर्सांची. चौदाव्याला बाळंतपनात गेली. आता उतर, आमेर आलं."

मी थक्क झाले. आणि खरं सांगते, मला घाबरायलाही झालं. कारण त्यानंतर मला त्या गावातल्या नजरा दिसायला लागल्या. चहाच्या टपरीवर आम्ही पोचलो की बोलणं बंद व्हायचं. एकदा पांढरा साफा बांधलेला एक गृहस्थ हात जोडून पुढे आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बैणजी, रास्ता खराब है. अकेली आती-जाती हो. संभल के." अक्कांनीही हात जोडले. "आप हो ना भाईसाहब, मुझे क्या डर." पुढच्या आठवड्यात स्कूटरची दोन्ही चाकं कुणीतरी चिरून ठेवली. अक्का म्हणाल्या, "चाकंच हायेत." आणि चालायला लागल्या.

आता माझ्याबद्दल. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माहेरी सगळे मला यावरून चिडवतात, आणि मीही हसून घेत आले. आठवीत सुगना नावाची मुलगी होती, तेरा वर्षांची, किडकिडीत, हिशेबाला अशी तल्लख की मी फळ्यावर गणित लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. माझ्या हिंदीवर हसायची. "मैडमजी, 'मेरे को' नहीं, 'मुझे'." तिला नववीला जयपूरला जायचं होतं. वसतिगृहाचा अर्ज अक्कांनी भरून ठेवला होता, फक्त बापाचा अंगठा राहिला होता. सुगनाची आई केसर माझी मैत्रीण झाली होती. शाळेच्या भिंतीपलीकडेच घर. शनिवारी ताक घेऊन यायची, तोंडभर हसायची. एकदा मार्चमध्ये ती म्हणाली, बैणजी फार कडक आहेत. मी अक्कांची बाजू घ्यायला गेले. आणि कौतुकाच्या भरात सांगून बसले, "अरे, त्यांच्यासारखं कुणी नाही! नुसत्या नखांवरची हळद बघून ओळखतात, घरात काय चाललंय ते!"

केसर हसली. "अच्छा?" म्हणाली, आणि माझा पेला पुन्हा भरला. एवढंच. अग्गोबाई, ते ताक किती गोड लागलं होतं मला!

एप्रिलमध्ये सुगनाच्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. पत्रिका शाळेतही आली, नाव एकच. आखा तीज सोमवारी होती. आधीच्या शनिवारी प्रार्थनेनंतर अक्का रांगेतून निघाल्या. सुगनापाशी थांबल्या, दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, पांढरीशुभ्र. अक्कांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, की ही सुटली. पुढच्या मुलीकडे गेल्या. त्या पुढे गेल्या तरी सुगनाने हात खाली घेतले नाहीत. तशीच उभी. मी तिच्या शेजारून गेले तेव्हा मला लिंबाचा वास आला.

कळलं मला. त्याच क्षणी कळलं. भांडी राखेने घासणाऱ्या, शेणी थापणाऱ्या मुलीची नखं इतकी स्वच्छ कशी? पण अक्कांना सांगायचं म्हणजे आधी माझ्या तोंडाचा प्रताप सांगावा लागणार. आयुष्यभर नको तिथे बोलले, आणि त्या दिवशी माझी दातखीळ बसली. शनिवार गेला. रविवारी घरी आमरस केला, वाढला. सोमवारी सकाळी सहाला अक्कांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न, "शनिवारीच ठावं हुतं तुला?"

आम्ही तहसीलमधल्या माणसांना घेऊन पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मांडवात नवरी एकच. कागदपत्रं बरोबर, वय एकवीस. केसरने आम्हाला लाडू दिले. सुगना मामाच्या गावी आहे, म्हणाली. होतीच ती मामाच्या गावी. तिचे फेरे पहाटेच उरकले होते, आणि ते आम्हाला चार दिवसांनी कळलं.

अक्का मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जास्त लागलं ते सुगना परत शाळेत आली तेव्हा. सासरी पाठवणी सोळाव्या वर्षी, असं ठरलं होतं म्हणे. अक्कांनी तिचे हात हातात घेतले, तर तिची बोटं अजून सोललेली. "बैणजी, नींबू से बहुत जला," ती म्हणाली. "मैं तो हाथ आगे किए खड़ी थी. आपने सूँघा नहीं." अक्कांनी तिथेच, मुलींसमोर, पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर अक्का सुगनासाठी हात धुऊन मागे लागल्या. तक्रार लिहिली, मला साक्षीदार केलं. "तुजं त्वांड हाय ना? आता चालीव." तहसीलीत मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. केसर समोर बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. कागद फिरत राहिले. दिवाळीच्या आधी एका सकाळी सुगनाची जागा रिकामी दिसली. सोळावं वर्ष लांब होतं, तरी सासरच्यांनी गाडी आणली आणि घेऊन गेले. वसतिगृहाचा तो अर्ज बापाच्या अंगठ्यावाचून अक्कांच्या पिशवीत शेवटपर्यंत होता.

शेवटपर्यंत म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंत. अक्कांचं हृदय थकलं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात मी शेजारी बसले होते. त्यांनी माझाच हात धरला आणि सवयीने नखं पाहिली. मग म्हणाल्या, "नखाचं आता समद्या गावाला ठावं झालंय. मी दुसरं शोधलंय. दोन सालं झाली, कुनाला सांगितलं न्हाई." मी म्हटलं, "अक्का, मला नका सांगू. माझा भरवसा नाही." त्या म्हणाल्या, "म्हनूनच तुला सांगती. तुला किंमत ठावी हाय." आणि माझ्या कानाशी लागून त्यांनी ती खूण सांगितली.

आता शनिवारी प्रार्थनेनंतर रांगेतून मी फिरते. मुली हात पुढे धरतात, मी नखं बघते, मान हलवते, पुढे जाते. भिंतीपलीकडून केसर बघत असते. तिची सगळ्यात धाकटी, मूमल, यंदा सहावीत आहे. तिची नखंही पांढरीशुभ्र असतात. बघू दे केसरला. मी नखं बघत नसतेच.

काय बघते ते इराने विचारलं, नवऱ्याने विचारलं, बहिणीने फोनवर खोदून खोदून विचारलं. नाही सांगितलं. इथेही सांगणार नाही. एवढंच सांगते की आखा तीजेला नऊ दिवस उरले आहेत, आणि आज सकाळी मूमलपाशी मला ते दिसलं. या वेळी मी शनिवार जाऊ दिला नाही. शाळेच्या फाटकातूनच तहसीलला फोन केला, आणि मूमल माझा हात धरून शेजारी उभी होती.